ओरेस्टनं वाकवलेल्या काठ्या

ओरेस्ट क्लिमचुकला विकल्याची बातमी त्याच्या कानावर कायम तिसऱ्याच माणसाकडून यायची. एकदा न्हाव्यानं सांगितली, मानेला फडकं गुंडाळलेलं असताना. एकदा बसच्या ड्रायव्हरनं सांगितली. हा आपली बॅग घेऊन पायरीवर चढला, तर ड्रायव्हर म्हणाला, "तू कशाला चढतोयस? तू आता ह्या बसचा न्हाईस." आणि एकदा बायकोला किराणा दुकानात कळलं. ती घरी आली, सरळ माळ्यावरच्या पेट्या खाली काढायला लागली, तेव्हा ह्याला उमगलं. गुरांच्या बाजारात निदान बैलाचं दावं एका हातातून दुसऱ्या हातात जातं. बैलाला कळतं तरी.

तेरा वर्षांत आठ गावं झाली होती. बर्फावरच्या हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये गडी पोचला तो एकदाच, सतरा दिवसांसाठी. तिथल्या कुणाचा तरी गुडघा निखळला म्हणून बोलावणं आलं. तीन सामन्यांत मिळून त्याला बर्फावर उतरायला मिळालं ते जेमतेम अकरा मिनिटं. मग गुडघेवाला बरा झाला आणि ओरेस्ट परत खालच्या लीगमध्ये, परत त्याच बसमध्ये, चाकावरच्या सीटवर. त्या अकरा मिनिटांवर स्लावनाच्या लोकांनी मात्र दहा हिवाळे काढले.

स्लावना हे त्याचं गाव. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या गव्हाच्या मुलखात, रुळाच्या कडेला. धान्याचं कोठार, कांद्यासारख्या घुमटाचं चर्च आणि हॉकीची पत्र्याची रिंक, एवढंच. बाप मिकोला बर्फावरच्या घसरगाड्यांच्या लाकडी धावा वाकवायचा. लाकूड वाफेवर धरायचं, साच्यात घालायचं आणि विसरून जायचं. ओरेस्ट लहानपणी घाई करायचा, लाकूड ताडकन मोडायचं. बाप म्हणायचा, "आरं, जोर लावू नगंस. लाकडाला वाटलं पायजे, वाकायचं त्याच्याच मनात हुतं."

खेळायला तो बचावाचा गडी. पळायला बेतास बात, गोल करण्याच्या नावानं शंख. पण समोरून कुणी फटका मारला की हा बिनदिक्कत आडवा पडायचा. गोठवलेली रबराची चकती दगडासारखी येते. ती ह्यानं बरगडीवर घेतली, नडगीवर घेतली, एकदा तोंडावर घेतली आणि पुढचे चार दात रिंकमध्ये ठेवून आला. असा गडी प्रत्येक कोचला लागतो आणि कुठल्याच कोचला त्याचं नाव पाठ नसतं.

आठवं गाव पोर्ट डॅलन. अटलांटिकच्या किनाऱ्यावरचं, मासळीच्या वासाचं. तिथं मात्र तो चार वर्षं टिकला. बायको डॅरियानं खिडकीत कुंड्या ठेवल्या, पोरगी लेस्या एकाच शाळेत चार वर्षं गेली. आणि तिथंच त्याला ताश भेटला.

ताश म्हणजे रेजान ताशेरो. क्वेबेकच्या खाणीतल्या गावचा, बापाच्या फुप्फुसात खाणीची धूळ, घरात नऊ भावंडं. परगावी सामना असला की ताश आणि ओरेस्ट मोटेलच्या एका खोलीत. ताश एकटा जीव, त्यामुळं सुट्टीच्या दिवशी जेवायला क्लिमचुकांकडंच. डॅरियानं बटाटे भरून केलेल्या वारेनिकी तो मोजून बावीस खायचा आणि वर म्हणायचा, "वहिनी, आज भूक न्हाई म्हणून बावीसच." लेस्याला सायकल त्यानंच शिकवली. ओरेस्ट तेव्हा तुटलेल्या पायाला प्लास्टर घालून पायरीवर बसून होता.

ताशचा फटका लीगमध्ये नावाजलेला. चकती बर्फावरून निघायची आणि मध्येच साप फणा काढतो तशी वर उठायची. गोलकीपर हात वर करायच्या आत जाळीत. लोक म्हणायचे, मनगटाचा जोर. मनगटात जोर होताच, पण खरी गोम काठीच्या पात्यात होती. पात्याला अर्ध्या इंचाच्या वर वाक असता कामा नये, असा नियम. ताशच्या काठीला पाऊण इंच होता. आणि तो वाक ओरेस्टनं दिलेला.

मोटेलच्या खोलीत किटली उकळत ठेवायची, पातं वाफेवर धरायचं, मग दाराच्या फटीत अडकवून हळूहळू दाबायचं. ताश पलंगावर पडून सिगारेट ओढायचा.

"क्लिम, किती लावतोस? म्हातारा होशील."

"गप पड. लाकडाला कळू दे."

"लाकडाला कळंल, पण पंचाला कळलं म्हंजे?"

"पंचाला कुणी सांगितल्याशिवाय कळत न्हाई. अन् सांगणार कोण?"

तेही खरं होतं. काठी मोजायची मागणी समोरच्या संघानं करावी लागते, आणि ती मागणी म्हणजे जुगार. काठी वाकडी निघाली तर तिच्या धन्याला दोन मिनिटं शिक्षा. सरळ निघाली तर मागणाऱ्या संघालाच दोन मिनिटं, एक गडी कमी. म्हणून आतली खबर असल्याशिवाय कुणी मागत नाही. आणि आतली खबर ड्रेसिंग रूमच्या दाराबाहेर जात नाही, हे हॉकीतलं पहिलं अक्षर. कुणाची काठी वाकडी, कुणाचा खांदा निकामी, कुणाची बायको पळाली, सगळं त्या घामट खोलीत राहतं.

पण त्या खोलीतली माणसंच विकली जातात त्याचं काय? त्याची तजवीज म्हातारा अल्फी करायचा. अल्फी पोर्ट डॅलनच्या संघाचा सामानवाला. काठ्या, स्केट, पट्ट्या सगळं त्याच्या ताब्यात. एखादा गडी विकला गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी अल्फी खेळातल्या गुप्त खुणा बदलायला लावायचा, काठ्या तपासायचा. ओरेस्ट त्याला हसायचा. "काय अल्फीबाबा, नवरा सोडून गेल्यावर बाई कुलूप बदलते, तसं चाललंय तुमचं." अल्फी काठ्यांवरून नजर न काढता म्हणायचा, "गेलेला नवराच चोरी करतो रे बाबा. त्याला घर ठावं असतं."

पाचव्या हिवाळ्यात, जानेवारीत, ओरेस्टला नवव्या गावाला, केस्टरला विकलं. ह्या खेपेला निदान फोन आला.

डॅरियानं पेट्या भरल्या. बापानं लग्नात दिलेल्या चिनी मातीच्या बशा एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळल्या. मग पेटीवर बसून म्हणाली, "ऐक. ही शेवटची. ह्याच्या पुढची पेटी म्या भरणार न्हाई. तुला जायचं असंल तर तुझी बॅग उचल अन् जा."

"केस्टरला टिकू."

"हे तू आठ येळा म्हणालास. पोरीला विचार. ती आता नव्या शाळेत कुणाशी ओळखच करत न्हाई. म्हणते, कशाला?"

ओरेस्ट तेव्हा चौतिशीचा. गुडघे सकाळी उठायचे ते त्याच्यानंतर अर्ध्या तासानं. पण केस्टरचा कोच विल्फ स्ट्रॉखन त्याला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "क्लिम, तुझे पाय संपलेत, पण डोकं शाबूत आहे. पुढल्या वर्षी बाकड्यामागं माझ्या शेजारी उभा राहा. मदतनीस कोच. एकच गाव, एकच घर." हे शब्द ओरेस्टनं घरी जसेच्या तसे नेले. डॅरियानं त्या दिवशी खिडकीला पडदे लावले. बशा मात्र पेटीतच ठेवल्या.

एप्रिलमध्ये बाद फेरी आली आणि केस्टरच्या वाट्याला नेमकं पोर्ट डॅलनच आलं. सात सामन्यांची झुंज, चार जिंकेल तो पुढं. ताशनं पहिल्या चार सामन्यांत पाच गोल मारले. बर्फावर दोघं समोरासमोर आले की ताश कोपर मारून म्हणायचा, "आडवा पड की म्हाताऱ्या." ओरेस्ट म्हणायचा, "वारेनिकी कमी खा, जाड झालास." एवढंच.

पाचव्या सामन्याआधी कोचनं ओरेस्टला बाजूला घेतलं.

"त्या ताशेरोचा फटका एवढा वर कसा उठतो रे? तू चार वर्षं त्याच्या खोलीत झोपलास."

"मनगटात जोर हाय त्याच्या."

"मनगटात." कोच हसला. "माझ्या सासूच्याही मनगटात जोर आहे. तिचा फटका नाही उठत."

ओरेस्टनं स्केटच्या नाड्या बांधल्या, सोडल्या, परत बांधल्या. कोच निघून गेला.

सहा सामने झाले, तीन त्यांचे, तीन ह्यांचे. सातव्याच्या दिवशी सकाळी ओरेस्ट न्याहारीला बसला तर बशी हातात जड लागली. बघतो तर निळ्या काठाची, लग्नातली. डॅरियानं पेटी फोडली होती. सगळ्या बशा धुऊन फळीवर मांडल्या होत्या.

"लेस्याला शाळेतल्या एका पोरीनं वाढदिवसाला बोलावलंय," डॅरिया म्हणाली. "जाते म्हणाली. आपणहून."

त्यानं अंडी खाल्ली. काय चव होती ते त्याला कधी आठवलं नाही.

रिंकवर सकाळचा सराव संपल्यावर कोचनं त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"बस. सरळ बोलतो. माझ्या शेजारी जागा एकच आहे. मालकाचा मेहुणा तिच्यावर डोळा ठेवून आहे. आज जिंकलो तर माझा शब्द चालेल. हरलो तर माझंच ठिकाण नाही, तुझं कुठून असणार? आता सांग, मनगटातच जोर आहे का त्याच्या?"

भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर ट्रॅक्टरचं चित्र. त्यानं त्या ट्रॅक्टरची चाकं मोजली. चार होती.

"मी तुला बोलायला लावत नाही," कोच म्हणाला. "नुसतं सांग, मोजण्यासारखं काही आहे का?"

मग ओरेस्टनं उजवा हात टेबलावर ठेवला आणि अंगठा आणि तर्जनी एकमेकांपासून लांब केली. पाऊण इंच. बरोब्बर पाऊण इंच. त्या हाताला माप पाठ होतं. कोचनं त्या फटीकडं पाहिलं आणि मान हलवली.

"तू काही बोलला नाहीस," तो म्हणाला. "मी काही ऐकलं नाही."

ओरेस्टनंही दिवसभर स्वतःला तेच सांगितलं. तोंडातून शब्द काढला नाही म्हणे. आमच्याकडं लांडग्यासाठी विषारी मांस टाकणारेही असंच म्हणतात, आम्ही थोडंच मारलं.

सामना तीन-तीन गोलांवर अडला होता. आठ मिनिटं उरली होती. रिंक केस्टरची, सहा हजार माणूस पत्र्यावर पाय आपटत होतं. कोचनं आपल्या कर्णधाराच्या कानात काहीतरी सांगितलं. कर्णधार पंचाकडं गेला. पंचानं शिट्टी मारली आणि ताशेरोसमोर हात पसरला, काठी दे.

ताशनं आधी काठीकडं पाहिलं. मग केस्टरच्या बाकड्याकडं. त्या बाकड्यावर वीस माणसं होती. त्याची नजर उजवीकडून सरकत आली आणि ओरेस्टवर थांबली. ओरेस्ट खाली वाकून नाडी बघायला लागला. नाडी घट्टच होती.

पंचानं काठी कडेच्या टेबलावर ठेवली, मापाची पट्टी लावली. उलटी करून परत लावली. मग काठी ताशच्या हातात परत दिली आणि हात केस्टरच्या बाकड्याकडं केला.

सरळ. अर्ध्या इंचाच्या आत.

सहा हजार माणसांचा आवाज एकदम बसला, मग दुप्पट होऊन उठला. बर्फावर टोप्या आल्या, कागदी पेले आले. शिक्षा संघाला होती. ती भोगायला कोण बसणार हे कोचनं ठरवायचं. स्ट्रॉखननं मागं वळून पाहिलंही नाही. नुसतं बोट केलं.

"तू. जा, बस आत."

शिक्षेचं खुराडं पलीकडच्या बाजूला असतं. तिथं जायला सगळा बर्फ ओलांडावा लागतो. ओरेस्ट एकटा निघाला. पोर्ट डॅलनच्या बाकड्यासमोरून जाताना तिथलं कुणी शिवी देईल असं त्याला वाटलं. कुणी दिली नाही. अल्फी पट्ट्यांची गुंडाळी करत होता, त्यानं वर पाहिलं आणि परत गुंडाळी करायला लागला. आणि प्रेक्षकांतल्या अगदी बिनडोक माणसालाही कळलं, जानेवारीपर्यंत पोर्ट डॅलनला असलेला गडीच का आत बसवला.

काच, लाकडी फळी, थुंकीनं भिजलेली जमीन. त्याच्यामागं एक बाई ओरडत होती, "खबऱ्या! तुला खबर तरी धड देता येत न्हाई व्हय रं?" केस्टरचीच बाई होती.

एक मिनिट आणि दहा सेकंद. मग पोर्ट डॅलनच्या कुणा पोरसवदा गड्यानं जाळीसमोरच्या गर्दीत चकती आत ढकलली. ताशनं मारलाही नव्हता, साधा ढकललेला गोल. गोल झाला की शिक्षा संपते. खुराड्याचं दार उघडलं आणि दारावरचा माणूस म्हणाला, "चल, सुटलास."

चार-तीन. तिथंच संपलं.

झुंज संपली की दोन्ही संघ रांगेनं समोरासमोर येतात, हातमोजे काढून एकेकाशी हात मिळवतात. डोकी फोडलेली असोत, दात पाडलेले असोत, ही रीत कुणी मोडत नाही. ओरेस्टला वाटलं, ताश आपल्यापाशी आला की मोजा घालील, नाहीतर हात मागं घेईल. घेतला असता तर बरं झालं असतं.

ताशनं हात दिला. उघडा, घामेजलेला. धरून ठेवला.

"बारा काठ्या हुत्या तू वाकवलेल्या," तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला. "तू गेलास त्याच सकाळी अल्फीनं कुलपात घातल्या. म्हटला, क्लिम आता त्यांचा. मी भांडलो रं त्याच्याशी. म्हटलं, एक येळ दगड बोलंल, क्लिम बोलायचा न्हाई. सरळ काठीनं माझं मनगट सुजलं. आज तर मी एक वाकडी घेऊनच निघालो हुतो. म्हाताऱ्यानं दारात हिसकावून घेतली."

मागचा माणूस पुढं सरकला, रांग हलली.

"वहिनीला नमस्कार सांग," ताश म्हणाला आणि पुढच्याचा हात हातात घेतला.

तेव्हा ओरेस्टला अल्फीचं कुलूप आठवलं. आठ वेळा विकला गेलेला माणूस, आठ ठिकाणी दुसऱ्यांच्या मागं खुणा बदलताना पाहिलेला माणूस. आणि तो गेल्यावर त्याच्याही मागं कुणी कुलूप बदलेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. कारण ताश त्याच्यावर भरवसा ठेवील, ह्यावर त्याचा भरवसा होता. तेवढ्या भरवशावरच तर त्यानं ती बोटं लांब केली होती.

आठवड्यानं स्ट्रॉखननं बोलावलं. त्याचं स्वतःचं ठिकाण टिकलं होतं.

"जागेचं जमत नाही, क्लिम."

"तुम्ही इचारलंत म्हणून म्या..."

"विचारलं. विचारणं माझं काम." कोचनं खिडकीबाहेर पाहिलं. "पण पोरं तुझ्यासमोर आता कपडे बदलतानासुद्धा गप्प असतात. ड्रेसिंग रूमची गोष्ट बाहेर नेणारा माणूस मी बाकड्यामागं कसा उभा करू? तूच सांग."

ओरेस्ट उठला आणि केबिनबाहेर पडला.

घरी आला तेव्हा डॅरिया टेबलापाशी बसली होती. गावभर झालं होतं. तिला किराणा दुकानातच कळलं असणार, सवयीप्रमाणं.

"ताशचं नाव दिलंस?"

"नाव दिलं न्हाई. कोच म्हणाला..."

"बोट दाखवलंस म्हणं."

"बशा बाहेर काढल्या हुत्यास तू," तो म्हणाला.

"म्हंजे बशांनी केलं व्हय," ती म्हणाली. मग उठली, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणला. त्याच्यावर सातव्या सामन्याचंच पान होतं. पेटी भरणार नाही म्हणाली होती, पण भरली. लेस्या वाढदिवसाला गेलीच नाही. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं.

कुठल्या संघाकडून फोन आला नाही. न्हाव्याकडूनही काही कळलं नाही. मे महिन्यात तिघं स्लावनाला आली. ओरेस्ट धान्याच्या कोठारात कामाला लागला. हिवाळ्यात रिंकवर पाणी सोडून बर्फ धरायचं कामही त्याच्याकडं आलं. गावानं त्या अकरा मिनिटांची गोष्ट सांगणं हळूहळू सोडलं. सातव्या सामन्याची गोष्ट कुणी त्याच्यासमोर काढली नाही, आणि त्यामुळंच ती सगळ्यांना ठाऊक आहे हे त्याला कळलं.

पुढच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला आगगाडीनं एक लांबोडकं पार्सल आलं. पोर्ट डॅलनचा शिक्का. आत चिठ्ठी नाही. बारा काठ्या, सुतळीनं बांधलेल्या, एकीच्याही पात्याला ओरखडा नाही. ओरेस्टनं त्या न सोडताच गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. आठ दिवस त्या तिथंच होत्या. नवव्या दिवशी डॅरियानं सुतळी कापली.

मटाराच्या वेलींना आधार हवा होता. तिनं काठ्या उलट्या करून, पाती वर ठेवून, वाफ्यात ओळीनं रोवायला घेतल्या. ओरेस्ट झारीनं पाणी घालत होता. कुंपणापलीकडून शेजारचा म्हातारा हनात बघत उभा राहिला.

"डॅरिया, चांगल्या कोऱ्या काठ्या मातीत घालतीस व्हय गं? अन् सगळ्या सारख्याच वाकड्या! कारखान्याचा दोष म्हणायचा का?"

"न्हाई. हातानं वाकवल्यात." तिनं हनुवटीनं नवऱ्याकडं दाखवलं. "ह्यांनी."

हनातनं कुंपणावरून हात घालून एका पात्यावरून अंगठा फिरवला. मिकोलाच्या घसरगाडीत बसलेला माणूस तो. लाकूड ओळखत होता.

"बापाचा हात हाय रं तुझ्यात, ओरेस्ट. मग ह्या काठ्यांनी खेळलं का न्हाई कुणी?"

"नियमात बसत न्हाईत."

"हात तिच्या!" हनात हसला. "आन् कोण बसलंय मोजायला?"

झारीतलं पाणी संपलं होतं तरी ओरेस्टनं ती तशीच तिरकी धरली होती. डॅरियानं पुढची काठी उचलली, जागा बघितली आणि हातोड्यानं ठोकायला लागली.